पडायचं कसं, हे आधी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय 'मार्शल आर्ट्स आणि व्यक्तिमत्त्व विकास' असा छापलाय. यातल्या दुसऱ्या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. व्यक्तिमत्त्व विकास म्हटलं की समोरचा माणूस वही काढतो आणि पाच मुद्द्यांची वाट बघत बसतो. माझ्याकडे पाच मुद्दे नाहीत. एकच आहे, आणि तो पडण्याबद्दल आहे.

ओळख करून देताना तुम्हाला सांगितलंच की दिवसा मी चाकणच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो आणि संध्याकाळी मुलांना ज्युदो शिकवतो. दोन्ही कामांना आता वीसेक वर्षं होतील. इतकी वर्षं सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं करत राहिलं की दोन्हीकडच्या गोष्टी एकमेकींत मिसळायला लागतात. मशीनसमोर उभं असताना गादी आठवते, गादीवर असताना मशीन. त्या मिसळण्यातून जे हाताला लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

एक जपानी म्हण तुम्ही ऐकली असेल. कॅलेंडरवर असते, व्हॉट्सॲपवर तर असतेच असते. सात वेळा पडा, आठ वेळा उठा. म्हण चांगलीच आहे. पण गंमत बघा, जो तो उठण्याबद्दल बोलतो. उठा, जिद्द ठेवा, पुन्हा उभे राहा. पडलं कसं, याची चौकशी कुणी करत नाही. अहो, पहिल्याच पडण्यात मनगट मोडलं असेल तर उरलेल्या सहांचं काय? (हशा)

ज्युदोच्या वर्गात ही चौकशी पहिल्या दिवशी होते. नवीन मूल आलं की त्याला डाव शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. आधी पाठीवर झोपवून, मग बसून, मग उकिडवं बसून आणि शेवटी उभ्यानं. मागे पडणं, उजवीकडे, डावीकडे, पुढे आणि मग कोलांटी घेऊन पडणं. महिना यातच जातो. मग एखादे पालक येतात. "सर, फी भरून महिना झाला, पोराला एक डाव येत नाही, नुसता आपटून घरी येतोय." (हशा) त्यांची तक्रार मला कळते. मी त्यांना एवढंच सांगतो की काका, अजून पंधरा दिवस थांबा, मग त्याला घरात पलंगावरून पडताना बघा.

आता पडताना होतं काय, ते नीट समजून घेऊ. कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माणूस तोल जाऊन पडायला लागला की त्याचा हात आपोआप पुढे जातो. ताठ. शिकवावं लागत नाही, ती उपजत गोष्ट आहे. शरीराला वाटतं, हातानं जमीन थोपवू. पण सगळ्या अंगाचं वजन, वर पडण्याचा वेग, हे सगळं त्या एका तळव्याच्या जागेवर येतं. हात ताठ असल्यामुळे धक्का मुरत नाही, तो सरळ वर चढतो. मग मनगट जातं, नाहीतर कोपर, नाहीतर कॉलर बोन. हाडांच्या डॉक्टरांना विचारा, स्कूटरवरून पडलेल्यांत हे किती बघायला मिळतं. म्हणजे लागतं ते पडल्यामुळे, हे अर्धंच खरं. पडणं थोपवायला गेल्यामुळेही लागतं.

ज्युदोत याच्या उलट शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटत नाही. मुलांना आम्ही सांगतो, पट्ट्याची गाठ बघ. गाठ बघायची म्हटली की मान आपोआप आत येते. पाठ गोल. श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. आणि अंग टेकतं त्याच क्षणी खांद्यापासून तळव्यापर्यंत सबंध हात गादीवर सपकन आपटायचा, अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर. तो मोठा आवाज येतो ना, बघणाऱ्याला वाटतं किती लागलं असेल. खरं तर आवाज जितका भरीव, तितकं कमी लागलेलं असतं. कारण तोच धक्का एका बिंदूवर न येता हात, पाठ, मांडी अशा मोठ्या जागेवर पसरलेला असतो. कोलांटी घेतली तर त्याला वेळही जास्त मिळतो. क्रिकेटमध्ये उंच आलेला कॅच घेताना आपण हात मागे घेतो, तोच हिशोब. धक्का तेवढाच असतो. तो किती जागेत आणि किती वेळात वाटायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

याला जपानी भाषेत 'उकेमी' म्हणतात. 'उके' म्हणजे घेणं, स्वीकारणं. 'मी' म्हणजे अंग. अंगावर घेणं! आपल्या मराठीत हा शब्दप्रयोग आधीपासून आहे, आणि दोन्ही अर्थांनी आहे. मार अंगावर घेतो आणि काम, जबाबदारीही अंगावर घेतो. मला जपानी येतं असं नाही, गादीवर लागतात तेवढेच शब्द येतात. पण उकेमीचा अर्थ कळला तेव्हा वाटलं, हे शिकायला इतक्या लांब कशाला जायला हवं होतं.

आणखी एक मजा. जपानी व्याकरणात कर्मणी प्रयोगालाही उकेमीच म्हणतात. आता आपल्या ऑफिसातल्या ईमेल आठवा. 'रिपोर्ट पाठवला गेला नाही.' 'तपासणी केली गेली नाही.' पाठवला नाही कुणी? ते सांगायचंच नसतं. (हशा) म्हणजे व्याकरणातली उकेमी आपण रोज करतो, अंगावर घ्यायची उकेमी टाळण्यासाठी.

तर आता कामाकडे येऊ.

नोकरीत माणूस पडतो म्हणजे काय होतं? प्रमोशन हुकतं. हातचं काम दुसऱ्याला दिलं जातं. चूक सापडते. कंपनी गाव बदलते, नाहीतर बंदच होते. यातली एखादी गोष्ट तीस वर्षांच्या नोकरीत झाली नाही असा माणूस विरळा. आणि तरी याची तालीम कुठंच नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, कंपनीच्या इंडक्शनमध्ये तर नाहीच. तिथं पहिल्या दिवशी तुम्हाला उंच कसं जायचं याचा तक्ता दाखवतात.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ होते. वय अठ्ठेचाळीस. त्यांची नोकरी गेली, सहा-सात जणांबरोबर, एका दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला उठले, आंघोळ केली, बायकोनं भरलेला डबा घेतला आणि बाहेर पडले. दिवसभर कुठं बागेत, कुठं वाचनालयात बसायचे. दुपारी एकटे डबा खायचे. संध्याकाळी गर्दीच्या वेळेला घरी. असं दोन महिने चाललं. पगाराच्या तारखेला बचतीतून पैसे काढून खात्यात टाकायचे, म्हणजे घरी शंका नको.

हा ताठ हात आहे. जमीन आलेलीच आहे, पण माणूस हातानं ती थोपवून धरतोय. सगळा भार एका जागेवर, एकट्यावर. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, तो हात आपसूकच पुढे येतो, हे आपण आत्ताच बघितलं. पण हिशोब करा. पहिल्याच संध्याकाळी घरी सांगितलं असतं तर धक्का चार माणसांत वाटला गेला असता. बायकोनं खर्चाचं बघितलं असतं, मुलानं गाडीचा हप्ता पुढे ढकला म्हटलं असतं, मेव्हण्यानं दोन फोन केले असते. मोठा आवाज झाला असता, मान्य. रडारड झाली असती. पण ती हात आपटण्यासारखी. शेवटी सांगावं लागलंच, तेव्हा दोन महिन्यांची बचतही गेली होती, आणि बायकोला नोकरी गेल्याचं दुःख कमी आणि डब्याचं जास्त झालं. ते आजही निघतं.

आता कारखान्यातला प्रसंग. हा जरा तांत्रिक आहे, पण सोसून घ्या.

आमच्याकडे एक भाग मशीनवर होतो, त्यात एक बोअर असतो, म्हणजे गोल भोक, ज्यात पुढे ग्राहकाच्या लाईनवर बेअरिंग बसतं. बोअर करणारं जे टूल असतं त्याच्या टोकाला इन्सर्ट असतो. तो झिजला की बोअर हळूहळू लहान यायला लागतो. ऑपरेटरकडे गेज असतो, 'गो' बाजू आत गेली पाहिजे. एका रात्रपाळीत एका तरुण ऑपरेटरच्या लक्षात आलं की गेज जात नाहीये. मागचे भाग तपासले, तर साधारण चाळीस भागांत गेज जात नव्हता. त्यानं काय केलं? इन्सर्ट बदलला, मशीन सुरू केलं, आणि ते चाळीस भाग चांगल्या मालात मिसळून दिले.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. बोअर मोठा झाला असता तर भाग भंगारात जाणार, कापलेला धातू परत लावता येत नाही. पण बोअर लहान होता. लहान बोअर पुन्हा मशीनवर लावून वाढवता येतो! म्हणजे त्यानं तेव्हाच सांगितलं असतं, तर दोन-तीन तासांचं काम, सगळे चाळीस भाग वाचले असते. त्याऐवजी तो माल ग्राहकाकडे गेला, तिथं बेअरिंग बसेना, लाईन थांबली. बाराशे भागांचा सगळा लॉट अडकला. आमची माणसं तिथं जाऊन तीन दिवस एकेक भाग गेजनं तपासत बसली.

मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, हात चांगला होता. मग लपवलं का? चौकशीत पुढे आलं ते असं. त्याच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका ऑपरेटरनं स्वतः होऊन चूक सांगितली होती. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची पंधरा मिनिटं हजेरी घेतली गेली. शाळेतल्या पोरासारखी. बघा, मीही कर्मणीत बोलायला लागलो, हजेरी 'घेतली गेली'. (हशा) घेतली त्या वेळच्या सुपरवायझरसाहेबांनी. आणि ते बघून उरलेल्या वीस जणांनी मनात नोंद केली.

इथपर्यंत तुम्हाला वाटलं असेल की हा माणूस सांगतोय, पडायला शिका. ते अर्धं आहे. मुलाला कितीही चांगली उकेमी येत असू दे, मी त्याला सिमेंटच्या फरशीवर रोज शंभर वेळा पाड म्हटलं तर तो करणार नाही, आणि करूही नये. पडायला शिकायचं तर गादी लागते. नोकरीतली गादी कोण घालणार?

यासाठी ज्युदो मुळात कसा झाला ते थोडं सांगायला हवं. जिगोरो कानो नावाचे गृहस्थ, जन्म १८६०. अंगाने लहानखुरे, शाळेत दांडग्या मुलांपुढे कमी पडायचे, म्हणून जुजुत्सू शिकले. दोन वेगवेगळ्या घराण्यांचं शिकले. १८८२ साली, वय एकवीस, टोकियोतल्या ऐशोजी नावाच्या एका मंदिरात जागा घेऊन त्यांनी स्वतःचा वर्ग सुरू केला, कोडोकान. जागा किती, तर बारा ताताम्यांची. तातामी म्हणजे गवताची जाड चटई. एवढ्याशा खोलीत जगभर पसरलेली ही गोष्ट सुरू झाली.

पेशानं ते शिक्षक होते, पुढे शिक्षकांच्या कॉलेजचे प्रमुखही झाले, आणि त्यांनी केलेला बदल मला शिक्षकाचाच वाटतो. जुन्या जुजुत्सूत जीवघेणे प्रकार होते. ठोसे, आघात, सांधा उलटा फिरवून मोडणं. हे खरं कुणावर करून बघणार? त्यामुळे जोडीदारावर हळूच, दिखाऊ, बेतानं करावं लागायचं. कानोंनी ते धोक्याचे प्रकार 'काता'त ठेवले, म्हणजे ठरवून केलेल्या प्रात्यक्षिकात. आणि मोकळ्या झुंजीसाठी, तिला 'रांदोरी' म्हणतात, असे डाव निवडले की जे पूर्ण ताकदीनं मारले तरी पडायला येणारा जोडीदार उठून परत उभा राहील. याचा परिणाम काय झाला? माणूस रोज, पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर सराव करू शकला. रोज पन्नास वेळा हरू शकला. धोका काढून घेतल्यामुळे कस कमी झाला नाही, उलट वाढला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कारखान्यातले जुने लोक मला ऐकवतात, 'जास्त सांभाळून घेतलं की माणसं सैल पडतात.' कानोंचा वर्ग त्याला उत्तर आहे.

आपल्याकडे तालमीत काय वेगळं असतं? कोल्हापूरकडच्या तालमी बघितल्या असतील तर हौद्यातली लाल माती आठवेल. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली. आणि पहिलवान ती स्वतः फावड्यानं खणतात, ढेकळं फोडतात, भुसभुशीत करतात. लढायच्या आधी! तो व्यायाम आहेच, पण त्याचबरोबर आपला जोडीदार जिथं आपटणार ती जागा आपण मऊ करतोय, हेही आहे. वस्ताद आखाड्यात आल्यावर आधी पायानं माती बघतात.

जाता जाता एक गोष्ट. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. या मातीतून ते १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले, आणि तिथं लढायचं होतं गादीवर. सगळी सवय मातीची, नियमही वेगळे. फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेटमध्ये कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपल्यातले जे लेथवरून सीएनसीवर आले, किंवा वहीवरून कॉम्प्युटरवर आले, त्यांना कळेल पायाखालची जागा बदलणं म्हणजे काय. त्या चार वर्षांबद्दल आपण कमी बोलतो. आणि त्यानंतरच्या वर्षांबद्दल तर त्याहून कमी. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, पुढचं आयुष्य नोकरीत गेलं, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. असो.

तर गादी. आमच्या लाईनवर त्या प्रकारानंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. मशीनजवळ एक लाल पेटी ठेवली. शंका आलेला भाग त्यात टाकायचा, पाटीवर वेळ लिहायची, बस. नाव लिहायचं नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये पेटीतला भाग हातात घेऊन बोलायचं, माणसाकडे बोट करायचं नाही. पहिला महिना पेटी जवळजवळ रिकामी. लोक बघत होते की खरंच असं आहे का. मग एका जुन्या ऑपरेटरनं, सगळे ज्यांना अण्णा म्हणतात, सकाळच्या मीटिंगमध्ये पेटीतून भाग काढला आणि म्हणाले, हा माझा. त्यानंतर पेटी भरायला लागली.

अण्णांनी केलं ते आमच्याकडे काळ्या पट्ट्याचं काम आहे. लोकांना वाटतं काळा पट्टा म्हणजे हा आता पडणार नाही. उलट आहे. एक तर 'शोदान', म्हणजे काळ्या पट्ट्याची पहिली पदवी, त्याचा अर्थच पहिली पायरी. आणि पट्टा मिळाल्यावर तुमचं पडणं वाढतं, कारण लहानांना डाव दाखवायला, त्यांच्याकडून करून घ्यायला अंग तुमचं लागतं. पदवीच्या परीक्षेत 'नागे-नो-काता' नावाचं प्रात्यक्षिक असतं. पंधरा डाव, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. म्हणजे तुमच्या परीक्षेसाठी कुणीतरी ३० वेळा व्यवस्थित पडायचं असतं. तो चांगला पडला नाही तर तुमचा डावही चांगला दिसत नाही. असा जोडीदार मिळायला नशीब लागतं, आणि त्याआधी आपण कुणासाठी तरी पडलेलं असावं लागतं.

आता थोपटण्याबद्दल. ज्युदोत गळा आवळणं, हात अडकवणं हे डावही असतात. अडकलेल्यानं दोनदा थोपटलं, समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर, की लगेच सोडायचं. लगेच म्हणजे त्याच क्षणी. आमच्या वर्गात एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी मुलाला घरी पाठवतो, ती म्हणजे थोपटल्यावरही न सोडणं. आणि मुलांना उलटही सांगावं लागतं. थोपटायला लाजू नकोस, उशीर करू नकोस. 'अजून थोडं सहन करतो' यात खांदे जातात.

यातलंच कारखान्यातलं रूप जपानमध्येच आहे. साकिची तोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग. धागा तुटला की माग आपणहून थांबायचा. नाहीतर तुटक्या धाग्याचं कापड यार्डच्या यार्ड विणलं जाणार. पुढे टोयोटाच्या मोटारींच्या लाईनवर हाच विचार माणसाच्या हातात आला. डोक्यावर एक दोरी. कामगाराला काही चुकतंय असं वाटलं की त्यानं ती ओढायची. दिवा लागतो, प्रमुख धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत गाडी जाईपर्यंत प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर लाईन थांबते. एका साध्या कामगाराच्या हातात लाईन थांबवण्याची ताकद! आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांनी तो दिवा लावलाय, मी बघितलाय. दिवा लावणं सोपं असतं हो. दोरी ओढल्यावर जो धावत येतो त्याच्या तोंडावर काय भाव असतो, सगळं त्यावर ठरतं.

आणि पाडणाऱ्याबद्दल बोललो नाही तर हे सगळं एकतर्फी होईल. ज्युदोत खांद्यावरून फेकण्याचा डाव बघा. फेकणाऱ्याच्या एका हातात समोरच्याची बाही असते. फेकलं की काम संपलं असं नसतं, सरावात ती बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची आणि माणूस टेकत असताना किंचित वर ओढायची. त्यानं तो डोक्यावर न येता कुशीवर येतो. बाही सोडून दिली तर पडणारा कितीही चांगला असो, त्याला लागणारच. नवशिके डाव लागल्याच्या आनंदात सोडून देतात. जाणता माणूस ओळखायचा तो यावरून.

इथं बसलेल्यांपैकी काही जण व्यवस्थापक असतील, दुकानमालक असतील, एखादवेळी कुणाला काढावंही लागलं असेल. कधीकधी ते टळत नाही, मला ठाऊक आहे. पण त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना दुपारी केबिनमध्ये बोलावलं, दहा मिनिटांत कागदावर सही घेतली, आयकार्ड काढून घेतलं आणि वॉचमनबरोबर गेटपर्यंत सोडलं. आठ दिवस आधी सांगणं, अनुभवाचं चांगलं पत्र देणं, दोन ठिकाणी स्वतः फोन करणं, कागदपत्रं, पीएफचं काम आपल्या माणसाकडून करून देणं, याला कितीसा खर्च येतो? डबा घेऊन बागेत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली, त्यात त्यांचा ताठ हात होता हे मी म्हटलं. सोडलेली बाहीही होती.

आता एक इशारा, कारण माझ्या क्षेत्रातले लोक व्यासपीठावर आले की फार वाहवत जातात. गादी आणि नोकरी एक नाही. गादीवर वजनी गट असतात, पंच असतो, तुम्ही स्वखुशीनं उतरलेले असता, आणि थोपटलं की सुटका होते. नोकरीत यातलं काहीच पक्कं नसतं. त्यामुळे 'शिस्त शिका, सहन करा, वरिष्ठांपुढे वाका' एवढंच मार्शल आर्टमधून उचलून जो कामगारांना ऐकवतो, त्याचं ऐकू नका. आम्ही वाकतो, पण समोरचाही तितकंच वाकतो. ज्या जागी थोपटूनही सोडत नाहीत, तिथं अजून चांगलं पडायला शिकून उपयोग नाही. तिथून निघायची तयारी करायची. निघायला वेळ लागतो, घर असतं, हप्ते असतात, सगळं मान्य. पण तयारी त्या दिवसापासून.

माझं संपलं. वेळ आहे म्हणतात, तर प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलं: माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले. या वयात हे पडणं शिकता येतं का?)

ताई, चांगलं विचारलंत. मी आत्ता सांगितलं ते, उभ्यानं पडून हात आपटायचं, ते त्यांना अजिबात करायला लावू नका. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. हाडं ठिसूळ आहेत का, चक्कर येते का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे आधी डॉक्टरांना विचारा. बाथरूममध्ये हाताला धरायला दांडा बसवा, पायाखाली न सरकणारी रबरी चटई घाला, रात्री दिवा चालू ठेवा. हे आधी.

डॉक्टर हो म्हणाले तर शिकण्यासारखं एक आहे, जमिनीवरून उठणं. एकटं असताना पडलं की पुष्कळ वृद्धांना उठताच येत नाही, तसेच तासन्‌तास पडून राहतात. ते टप्प्याटप्प्यानं शिकवता येतं. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर येऊन रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीच्या बैठकीवर हात, एक पाय पुढे, आणि वळून बसायचं. शेजारी माणूस पाहिजे आणि घाई नको. शनिवारी सकाळी आमचा हॉल रिकामा असतो, त्यांना घेऊन या. गाद्या आहेत, भक्कम खुर्ची आहे. चप्पल बाहेर काढावी लागेल, तेवढा त्यांना हात द्या, तिथं एक पायरी आहे.